दोन दोऱ्यांचा पतंग

पतंग म्हटला की आपल्याला काटाकाटी आठवते. हवेत कोलांट्या मारणाऱ्या दोन दोऱ्यांच्या पतंगाचा इतिहास मात्र वेगळा आहे.

अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे पॉल गार्बर दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते. जहाजावरच्या तोफचींना विमानावर नेम धरण्याचा सराव हवा होता. गार्बर यांनी पतंगाला सुकाणू बसवले, त्याच्या दोऱ्या खालच्या माणसाच्या हाती दिल्या आणि कापडावर शत्रूच्या विमानाची आकृती रंगवली. पतंग सूर मारी, आठचा आकडा काढी; खालून त्यावर गोळ्या झाडल्या जात.

1972 साली इंग्लंडच्या पीटर पॉवेल यांनी शंकरपाळ्याच्या आकाराचा, लांब पोकळ शेपटीचा पतंग आणला. डावी दोरी ओढली की पतंग डावीकडे, उजवी ओढली की उजवीकडे. वाऱ्याने फुगलेली शेपटी प्रत्येक वळण आकाशात रेखी. मारण्याचा सराव मुलांचा खेळ झाला.

नवशिक्याने पहिला पतंग घेताना हा फरक ओळखावा. तोफचीचे लक्ष्य चपळ हवे. शिकणाऱ्याचा पतंग सावकाश वळणारा आणि आपटला तरी न मोडणारा हवा. म्हणून फार लहान नको, सांगाडा फायबरग्लासचा, दोन्ही दोऱ्या सारख्या लांबीच्या. गिरकीत त्यांना पीळ पडतो, तरी त्या एकमेकींवरून सरकायला हव्यात. म्हणून दोरी गुळगुळीतच लागते.

राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीला गळे चिरल्याच्या बातम्या येतातच. या खेळात मांजा चालतच नाही. युद्धातून आलेल्या पतंगाने शस्त्र खाली ठेवले. आपल्या पतंगालाही ते जमायला हवे.