नाताळची भट्टी आणि परमुलखातले जिन्नस

माणूस परमुलखात जातो तेव्हा भाषा आणि प्रार्थना त्याच्या ओठांवरून जातात. त्यांना गाडीभाडे पडत नाही. सणाच्या पक्वान्नाची गोष्ट निराळी. त्याला सामान लागते, आणि सामान त्या मुलखातल्या बाजारातूनच आणावे लागते. आज आपण या बाजारहाटाचा थोडा इतिहास पाहू. विषय दिसावयास किरकोळ आहे. पण इतिहास नेहमी राजवाड्याच्या दिवाणखान्यातच घडतो असे नाही, तो पुष्कळदा मुदपाकखान्यातही घडतो.

हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजाला डिसेंबर महिना लागला की घरचा प्लम केक आठवे. येथे प्लम म्हणजे आलुबुखार नव्हे. मनुका-बेदाण्यांनाही तो शब्द इंग्रज लोक पूर्वी लावीत. या केकला लागणारे काही जिन्नस येथे विलायतेपेक्षा सुलभ होते. दालचिनी, सुंठ ही तर इकडचीच पिके. मनुका काबूलकडचे व्यापारी आणीत. अडचण येई ती लोण्याची, साखरेत मुरवलेल्या संत्र्या-लिंबाच्या सालींची आणि ब्रँडीची. उन्हाळी मुलखात लोणी टिकेना, म्हणून तूप आले. उत्तरेत अलाहाबादकडे सालींच्या जागी कोहळ्याचा पेठा पडू लागला, जोडीला संत्र्याचा मोरंबा आला आणि बडीशेपही शिरली. प्रारंभी ही तडजोड होती. पुढे हाच अलाहाबादी केक म्हणून नावाजला आणि पेठा नसेल तर तो केक खरा नव्हे, असे खाणारेच म्हणू लागले.

मलबारातली एक हकीकत अशीच बोधप्रद आहे. मांबळ्ळी बापू नावाच्या गृहस्थाने 1880 साली तेल्लिचेरीस, म्हणजे आजच्या थलश्शेरीस, बिस्किटांचा कारखाना काढला. 1883 साली मर्डोक ब्राउन हा मळेवाला विलायतेहून आणलेला केक घेऊन त्याच्याकडे गेला आणि असाच करून दे म्हणाला. ब्राउनचा मळा अंजरकंडीला होता आणि तो दालचिनीसाठी प्रसिद्ध होता. म्हणजे केकचा मसाला गिऱ्हाइकाच्या दारातच उगवत होता! जवळच्या माहे या फ्रेंच वसाहतीतून ब्रँडी आणावी, असे त्याने सुचवले. बापूने ती न आणता काजूच्या बोंडांची आणि केळ्यांची गावठी दारू वापरली. ब्राउनला केक पसंत पडला, असे त्या घराण्यात सांगत आले आहेत. बापूचे नाव निदान उरले. साहेबांच्या घरोघरी दर नाताळात भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या शेकडो खानसाम्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत, आणि त्या तडजोडी मुळात त्यांच्या हातांनी केलेल्या आहेत.

गोव्याकडे वळले तर हीच प्रक्रिया आणखी जुनी दिसते. 1510 साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांच्या मिठाईला बदाम हवेत, ते येथे कोठून मिळणार? पण त्यांनीच ब्राझीलहून आणलेला काजू कोकणच्या मातीत रुजला आणि बदामाच्या वड्यांची जागा काजूच्या वड्यांनी घेतली. पाव फुगवण्यास माडाची सूर कामी आली. नारळाच्या रसाने बिबिंक आणि दोदोल सिद्ध झाले. नाताळच्या ताटात नेवऱ्याही आहेत, आणि नेवरी म्हणजे आपली करंजीच. आपण ज्याला नाताळ म्हणतो तो शब्दही पोर्तुगीजच आहे.

आता एक प्रश्न विचारू. इंग्रज ज्याला घरचा, ओळखीचा जिन्नस म्हणत होता, तो त्याच्या घरचा होता काय? बारीक काळे बेदाणे ग्रीसचे. त्यांचे इंग्रजी नावच कॉरिंथ या ग्रीक शहरावरून पडले. साखर वेस्ट इंडीजमधली, 1834 पर्यंत गुलामांच्या श्रमांची. जायफळ मूळचे बांदा बेटांचे, ज्यांच्या मक्तेदारीसाठी डचांनी 1621 साली तेथील लोकांची कत्तल केली. 1927 साली ब्रिटिश सरकारच्या एम्पायर मार्केटिंग बोर्डाने राजाच्या आचाऱ्याकडून नाताळच्या पुडिंगची कृती मिळवून प्रसिद्ध केली, तिच्यात तर हे उघडच मांडले आहे: बेदाणे ऑस्ट्रेलियाचे, लवंगा झांझिबारच्या, दालचिनी हिंदुस्थानची किंवा सिलोनची, रम जमेकाची. विलायतेच्या वाट्याला पीठ, पावाचा चुरा, चरबी, बिअर असे थोडेच उरले. साम्राज्याचा माल खपावा हा त्यातला हेतू. पण इंग्लंडचे राष्ट्रीय पक्वान्न किती परक्या हातांनी शिजते, याची कबुलीही तीत नकळत देऊन टाकली गेली.

इंग्रजाला हसणे सोपे आहे. आपल्या एकादशीच्या फराळाकडे पाहावे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही चारही मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसापूर्वीच्या आपल्या पूर्वजांनी यांतले काहीही चाखलेले नव्हते. तरी आज खिचडीत बटाटा चालेल की नाही, असा प्रश्न आजीला पडत नाही. कांदा मात्र तिला चालत नाही. सोवळ्याची परीक्षा जिन्नसाच्या जन्मगावावरून होत नाही, सवयीवरून होते.

म्हणून लंडनला वा नैरोबीला गेलेली आपली माणसे चकलीच्या भाजणीसाठी दुकाने धुंडाळतात, तेव्हा ती तेच करतात जे अलाहाबादच्या खानसाम्याने केले. मिळेल त्या पिठात ती सण बसवतात. त्या चकलीला चव निराळी आली तर आपण इकडून नाक मुरडू नये. आणखी दोन पिढ्यांनी तेथील नातवंडे तीच चकली खरी मानतील, आणि तसे मानण्याचा त्यांचा अधिकार आपल्याइतकाच पक्का असेल.