चकाकीखालचे तडे

१६९९ साली गिय्योम आमाँताँ यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे घर्षणाचे नियम मांडले, तेव्हा पृष्ठभागावरचे उंचवटे एकमेकांत अडकतात म्हणून घर्षण होते, अशी त्यांची धारणा होती. म्हणजे घासून गुळगुळीत केले की काम भागले. हा समज सिरॅमिकपाशी कसा अडखळला हे पाहण्यासाठी आपण आधी १८९१ सालच्या अमेरिकेत, मोनोंगहेला गावी जाऊ. तेथे एडवर्ड अॅचिसन यांनी चिकणमाती आणि कोकचा चुरा लोखंडी भांड्यात घालून त्यातून वीज सोडली आणि हाती चमकदार, अतिशय कठीण स्फटिक आले. कार्बन आणि कुरुंद यांचे हे संयुग असावे असे समजून त्यांनी त्याला ‘कार्बोरंडम’ म्हटले; प्रत्यक्षात ते सिलिकॉन कार्बाइड हे सिरॅमिक होते. नाव चुकले, धंदा मात्र जोरात चालला. गंमत अशी, की इतरांना घासण्यासाठी जन्मलेला हा पदार्थ पुढे पंपांच्या सीलमध्ये स्वतःच यंत्रभाग होऊन बसला आणि त्याला घासायला हिऱ्याचे चाक लागू लागले. १९५४ च्या डिसेंबरात ट्रेसी हॉल यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये कृत्रिम हिरा घडवला, त्यानंतर यथावकाश अशा चाकांना खाणीवर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही.

पण हिऱ्याचा कण सिरॅमिकवरून जाताना मागे केवळ ओरखडा ठेवत नाही. ठिसूळ वस्तूचे बळ तिच्यातल्या बारीक तड्यांवर ठरते, हे ग्रिफिथ यांनी १९२१ मध्येच दाखवले होते. जाड कण, खोल कट आणि जास्त फीड (भाग चाकाखालून सरकण्याचा वेग) यांमुळे तडे पृष्ठभागाखाली उतरतात. पुढे भाग घसटू लागला, की तेथले दाणे निखळतात आणि दोन पृष्ठांमध्ये सापडून तेच वाळूसारखे झीज वाढवतात. झिर्कोनिया या सिरॅमिकचा स्वभाव निराळा. १९७५ मध्ये गार्व्ही, हॅनिंक आणि पॅस्को यांनी दाखवले, की ताणाखाली त्याची स्फटिकरचना बदलते आणि तो फुगतो. त्यामुळे बेताचे ग्राइंडिंग त्याच्या पृष्ठावर दाबाचा थर निर्माण करून त्याला बळकटच करते. अति झाले की तेच तडे!

१९८७ मध्ये तोमिझावा आणि फिशर यांनी सिलिकॉन नायट्राइड हे आणखी एक सिरॅमिक पाण्यात घासून पाहिले. पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन उंचवटे झिजत गेले, पृष्ठे आपोआप गुळगुळीत झाली आणि घर्षणांक ०.००२ च्याही खाली उतरला. आमाँताँ सुखावले असते. कोरड्या घसटीत मात्र अशी कृपा होत नाही. त्यामुळे आज जाणते कारागीर बारीक कणांच्या चाकाने शेवटचे हात फिरवताना आधीच्या जाड चाकाचे तडे जिथवर उतरले असतील, तिथवरचा थर काढून टाकतात. नुसती चकाकी आली म्हणून थांबत नाहीत.