भंगारातून उभे राहिलेले राज्य : चंडीगडच्या रॉक गार्डनची गोष्ट

१/ जुन्या बाजारातून आणलेला कंदील गॅलरीत टांगावा, आजीच्या पितळी हंड्यात वेल लावावा, फुटक्या कपबशांचे तुकडे कुंडीवर बसवावेत. अंगण, गच्ची आणि गॅलरी अशी सजवण्याची हौस आज अनेकांना आहे. एका सरकारी कर्मचाऱ्याने हेच काम सरकारी जमिनीवर, सरकारच्या नकळत, वर्षानुवर्षे केले आणि त्यातून एक अख्खे नगर उभे राहिले. आजचा थ्रेड त्या नगराविषयी.

२/ सुरुवात फाळणीपासून करावी लागेल. १९४७ मध्ये पंजाब दुभंगला आणि लाहोर पाकिस्तानात गेले. भारताच्या वाट्याला आलेल्या पंजाबला राजधानीच उरली नाही. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी नवे शहर वसवण्याचे ठरले. जवळच्या चंडीदेवीच्या मंदिरावरून त्याचे नाव पडले चंडीगड.

३/ पहिला आराखडा अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांचा होता. १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात गेले आणि १९५१ मध्ये काम ल कॉर्बुझिए यांच्याकडे आले. सोबतीला पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू होते. गतकाळाच्या बेड्यांतून मुक्त झालेल्या भारताचे प्रतीक म्हणून पंडित नेहरू या शहराकडे पाहत होते. काटकोनात छेदणारे रस्ते, क्रमांक दिलेले सेक्टर, उघडे काँक्रीट. सारे काही नवे.

४/ जमीन मात्र कोरी नव्हती. तिथे शेते होती, आंब्याची झाडे होती, नांदती गावे होती. शहरासाठी ती गावे उठवण्यात आली. घरे पडली की मागे काय उरते? फुटकी मडकी, तुटक्या बांगड्या, कौले, विटा, चुलीजवळची भांडी. नव्या शहराच्या नकाशात या वस्तूंना जागा नव्हती. त्यांचे ढीग झाले.

५/ त्या ढिगांकडे एक माणूस रोज पाहत होता. नेकचंद सैनी. जन्म १९२४, शकरगढ तहसिलीतल्या एका खेड्यात. फाळणीच्या रेषेने ते खेडे पाकिस्तानात टाकले आणि नेकचंद यांचे कुटुंब निर्वासित होऊन भारतात आले. पुढे चंडीगडच्या उभारणीत सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांना रोड इन्स्पेक्टरची नोकरी मिळाली.

६/ या प्रसंगातला पेच लक्षात घ्या. ज्याचे स्वतःचे गाव सुटले होते, तोच माणूस दुसऱ्यांची गावे पुसून बांधल्या जाणाऱ्या शहराचे रस्ते सांभाळत होता. १९५७-५८ च्या सुमारास त्याने गोळा करायला सुरुवात केली. आधी नदीनाल्यांतले दगड, ज्यांत त्याला माणसांचे, पक्ष्यांचे, प्राण्यांचे आकार दिसत. मग भंगार. वाहन एकच, सायकल.

७/ जागा त्याने मोठ्या हुशारीने निवडली. विधानसभा, सचिवालय आणि उच्च न्यायालय असलेल्या कॅपिटॉल संकुलाजवळ, सुखना तलावाच्या बाजूला, झाडीचा एक पट्टा राखीव होता. तिथे कोणतेही बांधकाम करण्यास मनाई होती. बांधकाम नाही म्हणजे वर्दळ नाही, आणि वर्दळ नाही म्हणजे पाहणारा कोणी नाही. जवळच खात्याच्या सामानाचे कोठार होते. नेकचंद यांनी झाडीत एक झोपडी बांधली.

८/ दिवसा नोकरी, संध्याकाळी आणि रात्री हे काम. उजेडासाठी जुने टायर जाळले जात. १९६५ च्या सुमारास गोळा केलेल्या सामानातून रचना आकार घेऊ लागल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये ल कॉर्बुझिए यांचे निधन झाले. आपल्या राखीव झाडीत काय चालले आहे, हे त्यांना कधीच कळले नाही.

९/ आता थोडे कारागिरीविषयी, कारण खरी गंमत तिथे आहे. पुतळ्याला सांगाडा लागतो. तो यायचा सायकलच्या मोडक्या फ्रेममधून, नळाच्या तुकड्यांतून, लोखंडी सळ्यांतून. सायकलची सीट उलटी धरली की जनावराचे लांबट तोंड तयार. सांगाड्यावर सिमेंटचा थर चढवायचा आणि तो ओला असतानाच त्यात बांगड्यांचे तुकडे दाटीने रोवायचे. सिमेंट सुकले की तेच त्या बाईचे वस्त्र. रंग कधी लावावा लागला नाही, कारण काचेचा रंग उडत नाही.

१०/ भिंतींचीही हीच तऱ्हा. गोणीत सिमेंट ओलावून घट्ट झाले की गोणपाटाची वीण त्यावर उमटते. अशा गोण्यांची रास म्हणजे एक भिंत. मडक्यांची उतरंड म्हणजे दुसरी. विजेच्या खांबांवरचे चिनीमातीचे फ्यूज ओळीने बसवले की तिसरी. न्हाणीघरातल्या फुटक्या बेसिनांच्या पांढऱ्या ठिकऱ्यांनी चौथी भिंत उजळते. भट्टीतून निघालेल्या खडबडीत मळीचे डोंगर होतात.

११/ यातले एकही तंत्र दुर्मीळ नाही. सांगाडा, गिलावा आणि जडण ही तिन्ही गवंड्याच्या रोजच्या सरावातली कामे आहेत. बार्सिलोनाच्या पार्क ग्वेलमध्ये गाउदी यांनी फुटक्या फरशांनी बाके मढवली, तेव्हा त्यांच्या पाठीशी धनिक आश्रयदाता होता. नेकचंद यांच्या पाठीशी महिन्याचा पगार होता आणि शहराने फेकून दिलेला माल.

१२/ १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत झाडीत कित्येक एकरांवर चौक, वाटा आणि शेकडो पुतळे तयार झाले होते. राजा, दरबारी, पाणी भरणाऱ्या बाया, माकडे, मोर. मग अधिकाऱ्यांना ते दिसले. कायद्याच्या दृष्टीने गुन्हा सरळ होता : सरकारी जमिनीवर अतिक्रमण, तेही बांधकामबंदीच्या पट्ट्यात आणि तेही खात्याच्याच माणसाकडून. पाडून टाकणे हाच नियम.

१३/ नियम वाकला, आणि त्यात एम. एस. रंधावा यांचा वाटा होता. रंधावा सनदी अधिकारी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होते, चंडीगडच्या वृक्षयोजनेचे जाणकार होते. याहून महत्त्वाचे म्हणजे फाळणीनंतर पंजाबातल्या निर्वासितांच्या पुनर्वसनाचे काम त्यांनी सांभाळले होते. उजाड झालेल्या माणसाने काय बांधले आहे, हे ओळखणारी नजर त्यांच्याकडे असणारच. बाग राहू द्यावी, या बाजूने त्यांनी वजन टाकले.

१४/ १९७६ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली. नेकचंद यांना तिथेच पगारी काम मिळाले आणि मदतीला पन्नास मजूर दिले गेले. शहरात ठिकठिकाणी टाकाऊ वस्तू गोळा करण्याची केंद्रे उघडली. १९८३ मध्ये बाग टपाल तिकिटावर आली आणि १९८४ मध्ये नेकचंद यांना पद्मश्री मिळाली. अतिक्रमण करणारा आठ वर्षांत सन्मानित झाला.

१५/ इथे एक विलक्षण विसंगती आहे. ल कॉर्बुझिए यांनी चंडीगडसाठी नियमांची जी सनद लिहिली, तिच्यात व्यक्तींचे पुतळे शहरात उभारू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच शहरात भारतातली एक अफाट पुतळ्यांची फौज उभी राहिली. पण नियम मोडला असे तरी कसे म्हणावे? या पुतळ्यांपैकी कोणीही पुढारी नाही, सेनापती नाही. चौथऱ्यावर नाव कोरलेले नाही. ती कोणाचीच स्मारके नाहीत, म्हणून पुसलेल्या गावांतल्या साऱ्यांचीच आहेत.

१६/ संकट एकदाच आले नाही. १९९० च्या सुमारास रस्त्यासाठी बुलडोझर दाराशी आले, तेव्हा लोकांनी मानवी साखळी केली. वाद न्यायालयात गेला आणि बाग वाचली. १९९६ मध्ये नेकचंद परदेशी असताना अनेक पुतळ्यांची मोडतोड झाली. पुढे बागेच्या सांभाळासाठी संस्था उभी राहिली. तोवर बागेने सुमारे चाळीस एकर व्यापले होते आणि त्यात धबधबे, कमानी आणि झोपाळे आले होते.

१७/ आता याच शहरातल्या दुसऱ्या भंगाराकडे पाहा. सरकारी कचेऱ्यांसाठी जानरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सागवानी खुर्च्या आणि मेजे घडवली होती. वेताची बैठक, उलट्या व्ही आकाराचे पाय. जुनी झाली म्हणून ती गच्चीवर रचली गेली आणि लिलावात भंगाराच्या भावाने विकली गेली. परदेशी व्यापाऱ्यांनी ती उचलली, दुरुस्त केली आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावगृहांत त्यांना प्रचंड किंमत आली. २०११ मध्ये केंद्र सरकारने या फर्निचरच्या विक्रीवर बंदी घातली, तोवर बरेच सामान गेले होते.

१८/ खुर्ची मौल्यवान ठरली, कारण तिच्यावर एका नामवंत नावाची मोहोर होती. बांगडीचा तुकडा बेनामी होता, त्याला बाजारात आजही किंमत नाही. तो टिकला तो एका रोड इन्स्पेक्टरने उचलला म्हणून. ‘व्हिंटेज’ आणि ‘भंगार’ यांच्यातली सीमा वस्तूच्या वयाने ठरत नाही. ती वस्तू कोणाची होती आणि कोणाच्या हाती पडली, यावरून ठरते.

१९/ नेकचंद १२ जून २०१५ रोजी गेले. पुढच्याच वर्षी कॅपिटॉल संकुल युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. शेजारची बाग त्या यादीत नाही. २०२५ मध्ये उच्च न्यायालयालगतचा रस्ता रुंद करण्यासाठी आणि वाहनतळासाठी बागेच्या भिंतीचा काही भाग पाडण्यात आला. निषेध झाला, पण भिंत गेली. ज्या ढिगाऱ्यातून ती आली होती, तोच तिचा पुन्हा झाला.

२०/ मित्रहो, गॅलरीत जुना कंदील जरूर टांगा. फक्त तो विकत घेताना दुकानदाराला एक प्रश्न विचारा : हा कुठून आला? कोणता वाडा पडला, कोणते घर रिकामे झाले, कोणत्या गावातून तो निघाला? जे उत्तर मिळेल ते तारखेसह एका चिठ्ठीवर लिहा आणि कंदिलाच्या बुडाशी चिकटवून ठेवा.

२१/ नेकचंद यांनी लाखो तुकडे वाचवले, पण प्रत्येक तुकड्याचा पत्ता आता कोणालाच सांगता येणार नाही. ती बांगडी कोणत्या गावच्या कोणत्या अंगणात फुटली, हे कायमचे हरवले. आपल्या गॅलरीतल्या कंदिलाचे तसे होऊ नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.