दरडोई न्याय आणि डोंगराची वाट

भोर हें नांव आपणांस दोन कारणांनीं परिचित आहे. एक, पंतसचिवांचें संस्थान. तें १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. दुसरें, सर जोसेफ भोर. १९४३ सालीं त्यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें १९४६ सालीं हिंदुस्थानच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा सादर केला. या नामसाम्यास फारसें महत्त्व देण्याचें कारण नाहीं. परंतु समितीच्या तत्त्वाची कसोटी पाहावयाची असेल, तर ती भोर व वेल्हे यांच्या डोंगरांत पाहावी, असें आम्हांस वाटतें.

समितीचें मूळ तत्त्व असें कीं, पैसा नाहीं एवढ्याच कारणास्तव कोणाही मनुष्यास औषधोपचारास मुकावें लागूं नये. तें अमलांत आणावयाचें तर मोजमाप हवें. म्हणून नजीकच्या काळापुरतें दर ४०,००० लोकांमागें एक प्राथमिक केंद्र असावें, असें समितीनें सुचविलें. १९५२ पासून सामूहिक विकास योजनेबरोबर हीं केंद्रें निघूं लागलीं. पुढें सपाटीवर ३०,००० व डोंगराळ किंवा आदिवासी भागांत २०,००० असें प्रमाण ठरलें. मोजमाप उदार झालें; पण तें राहिलें डोक्यांचेंच.

२०११ च्या शिरगणतींत वेल्हे तालुक्याची वस्ती सुमारें ५४,००० भरली. म्हणजे दोनतीन केंद्रांत हिशेब पुरा झाला! परंतु तोरणा व राजगड यांच्या रांगा आणि पानशेत-वरसगांवचे जलाशय या भागाकारांत कोठें मांडावयाचे? भोरकडे भाटघरचें पाणी असेंच पसरलें आहे. समोरच्या तीरावरचें गांव डोळ्यांस दिसतें. तेथें पोंचण्यास मात्र पाण्याला वळसा घालावा लागतो. पानशेतचें पाणी खडकवासल्यामार्गें पुण्यास सुखानें पोंचतें. त्याच डोंगरांतील अडलेल्या बाळंतिणीस पुणें गांठणें तितकें सोपें नाहीं.

या अंतराचा सर्वांत मोठा भार कातकऱ्यांवर पडतो. खैरापासून कात काढणें हा त्यांचा मूळ धंदा. त्यावरूनच त्यांचें नांव पडलें. १८७८ च्या कायद्यानें इंग्रजी मुलुखांतील रानें राखीव होऊं लागलीं, आणि रानावर जगणारी ही जमात हळूहळू कोळशाच्या व विटांच्या भट्ट्यांवर मजुरीस लागली. महाराष्ट्रांतील ज्या तीन जमातींची गणना शासन अतिदुर्बल म्हणून करतें, त्यांत कोलाम व माडिया गोंड यांच्यासमवेत ही एक आहे. तथापि १९८५ च्या आदेशानें पुणें जिल्ह्यांत जीं अनुसूचित क्षेत्रें ठरलीं, तीं आंबेगांव व जुन्नर या तालुक्यांतलीं. भोर-वेल्ह्याचें एकही गांव त्यांत नाहीं. जेथें आदिवासी एकवटून राहतात, तेथें क्षेत्राला सवलत मिळते. जेथें चारदोन झोंपड्यांच्या वाडीनें ते विखुरलेले आहेत, तेथें मिळत नाहीं. अल्पसंख्य असण्याचा हा दुहेरी दंड होय.

प्रत्येक टेकडीवर इस्पितळ कसें बांधावें, असा आक्षेप कोणी घेईल. आणि तो खोटा नाहीं. परंतु मागणी ती नाहींच. २०१२ सालीं आरंभलेल्या व पुढें महात्मा फुले यांचें नांव दिलेल्या राज्याच्या योजनेंत शस्त्रक्रिया विनामूल्य होते. पण भट्टीवरून भट्टीवर फिरणाऱ्या कुटुंबापाशीं शिधापत्रिका हाताशीं असेलच असें नाहीं, आणि शहरापर्यंतची वाट, सोबत्याची बुडालेली मजुरी व मागें राहिलेलीं मुलें यांचा खर्च कोणत्याच योजनेंत पुरता धरलेला नसतो. २०२३ सालीं केंद्र सरकारनें अशा जमातींसाठीं जी मोहीम काढली, तींत फिरत्या दवाखान्यांची तरतूद आहे. रोग्यानें वैद्याकडे जाण्याऐवजीं वैद्यानें रोग्याकडे जावें, हें तत्त्व तींत मान्य झालें. तें वर्षांतून एकदोन फेऱ्यांवर न थांबतां, शेवटच्या वाडीपासून दवाखाना किती तासांच्या वाटेवर आहे, हेंच सर्व आरोग्यव्यवस्थेचें माप झालें पाहिजे. तोंवर समितीचें तें वाक्य कागदावर खरें आणि डोंगरांत अपुरेंच राहील.