सेवेचें शिक्षण

फाट्यावर वाट माहीत असलेल्यासच विचारावें, हें देवगाव फाट्याच्या लोकांस सांगणें नको. तरुणांस वाट दाखवूं इच्छिणारानेंही ती आधीं शिकावी.

मुंबईंत नागपाड्यास क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्यानें १९२६ सालीं वस्तीसेवेचें केंद्र उघडलें. तेथें केवळ सदिच्छा पुरेना. शिक्षित कार्यकर्ते हवे होते. म्हणून १९३६ सालीं टाटा विश्वस्तांच्या साह्यानें त्याच जागीं समाजकार्याचें विद्यालय निघालें. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९५५ सालीं कॅथॉलिक भगिनींनीं मुंबईंतच निर्मला निकेतन महाविद्यालय स्थापिलें. दोन्हीकडे वर्गांतील पाठाइतकेंच वस्तींतील प्रत्यक्ष कामही अभ्यासाचें अंग होय.

मुंबई दूर खरी. परंतु १९८६ पासून टाटा संस्थेचें ग्रामीण केंद्र आपल्या मराठवाड्यांतच, तुळजापुरास आहे. आपल्या मुलामुलींनीं ही वाट अवश्य विचारावी.