बोरवणकर, मीरां चढ्ढा

(१९५७ – ). भारतीय पोलीस सेवेच्या महाराष्ट्र केडरमधील अधिकारी (१९८१ ची तुकडी) आणि पुणे शहराच्या पहिल्या महिला पोलीस आयुक्त. जन्म पंजाबातील फाजिल्का येथे. वडील सीमा सुरक्षा दलात होते. जालंधरला इंग्रजी साहित्य शिकून त्या पोलीस सेवेत आल्या.

१९९३ ते १९९५ या काळात त्या राज्य गुन्हे अन्वेषण विभागात होत्या. जळगावचे वासनाकांड १९९४ मध्ये उघडकीस आले. मुलींना फूस लावायची, त्यांची छायाचित्रे काढायची आणि त्या धाकावर त्यांचे शोषण करायचे, असा तो प्रकार होता. पोलीस अधिकारी अरविंद इनामदारांच्या नेतृत्वाखालील तपासात बोरवणकरांचा मोठा वाटा होता. बदनामीच्या भीतीने पीडित मुली बोलायला धजावत नव्हत्या. पुढे बरेच आरोपी निर्दोष सुटले, तरीही बोरवणकरांच्या कारकिर्दीतले सर्वांत कठीण काम हेच म्हणावे लागेल. १९९६ ते १९९९ मध्ये औरंगाबाद व सातारा जिल्ह्यांच्या त्या अधीक्षक होत्या. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागातही त्यांनी काम केले. तेलगीच्या बनावट मुद्रांक घोटाळ्याने मुंबई गुन्हे शाखेची अब्रू गेली होती. त्यानंतर २००४ मध्ये या शाखेची सूत्रे प्रथमच एका महिलेकडे, बोरवणकरांकडे, आली.

२०१० ते २०१२ मध्ये त्या पुण्याच्या आयुक्त होत्या. येरवड्यातील पोलिसांची जागा विकासकाला देण्यासाठी तत्कालीन पालकमंत्र्यांनी आग्रह धरला आणि आपण नकार दिला, असे बोरवणकरांनी ‘मॅडम कमिशनर’ (२०२३) या आत्मकथनात लिहिले. तेव्हाचे पालकमंत्री अजित पवारांनी हा आरोप फेटाळला.

त्यानंतर त्यांना राज्याच्या कारागृहांचे प्रमुखपद मिळाले. पोलीस दलात ही नेमणूक बाजूला टाकल्यासारखी मानतात. याच काळात मुंबई हल्ल्यातील दहशतवादी अजमल कसाबला येरवड्यात (२१ नोव्हेंबर २०१२) आणि मुंबई बाँबस्फोट खटल्यातील दोषी याकूब मेमनला नागपुरात (३० जुलै २०१५) फाशी झाली. वृत्तपत्रांनी त्यांची ओळख या दोन फाशींशीच जोडून टाकली, हे अन्यायाचेच.

१९९७ मध्ये त्यांना राष्ट्रपती पोलीस पदक मिळाले. पोलीस संशोधन व विकास ब्यूरोच्या महासंचालक पदावरून ३० सप्टेंबर २०१७ रोजी त्या निवृत्त झाल्या.