दिसलं नाही म्हणजे नाही?

रक्तवाहिनीत घालायच्या नळीवर, म्हणजे कॅथेटरवर, निसरडा लेप असला की काम बिनधोक झालं, ही समजूत चंद्रपूर-गडचिरोलीहून अँजिओप्लास्टीसाठी नागपूर गाठणाऱ्या घरांत आहे आणि कितीतरी डॉक्टरांच्या बोलण्यातही आहे. 'नळी तर काढून घेतात, मग आत उरतं काय?' असं विचारलं जातं.

पूर्वपक्षातलं खरं तेवढं आधी मान्य करतो. लेपाविना नळी वाहिनीच्या अस्तराला घासते, वाहिनी आकसते, गुठळी धरते. मेंदूतल्या नागमोडी वाहिन्यांपर्यंत तर या लेपामुळेच सहज पोचता येतं. लेप टाकून द्या, असं माझं मुळीच म्हणणं नाही.

पण हा लेप पाणी पिणाऱ्या पॉलिमरचा असतो. सलाइनमध्ये भिजला की सब्जाच्या बीसारखा फुगतो, बुळबुळीत होतो. ती साय नळीला कायम धरून राहील, याची हमी नाही. कोरड्या गॉजने किंवा स्पिरिटने पुसली, नीट न भिजवता सरकवली, नळीला वाट दाखवणारी लेपाची तार, म्हणजे गाइडवायर, धातूच्या सुईतून मागे ओढली, की ती खरवडून निघते. कधी दोष कारखान्यातलाच असतो. सुटलेला कण रक्ताबरोबर पुढे जाऊन बारीक वाहिनीत अडकू शकतो आणि मग लकवा मारू शकतो, फुप्फुसाला इजा होऊ शकते किंवा पायाचं बोट काळं पडू शकतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने नोव्हेंबर २०१५ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला, तेव्हा त्यांच्याकडे जानेवारी २०१४ पासूनच्या सुमारे ५०० तक्रारी जमल्या होत्या. त्यांत ९ मृत्यू होते.

'इतक्या केसेस केल्या, आम्हाला कधी दिसलं नाही,' हे यावरचं नेहमीचं उत्तर. आपल्या शास्त्रकारांनी याचा निकाल केव्हाच लावला आहे. घडा असता तर दिसलाच असता, अशी स्थिती असेल तरच 'दिसत नाही, म्हणून नाही' हे सिद्ध होतं. याला ते योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. लेपाचे कण एक्स-रेवर उमटत नाहीत. खात्री पटते ती ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर, नाहीतर शवविच्छेदनात.

इथे तर अंधार अधिकच दाट. 'सर्च' या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातल्या ८६ गावांत पाहणी केली, तेव्हा १५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याचे निघाले. त्यातली ८७ टक्के माणसं घरीच गेली. हे मृत्यू कॅथेटरने झाले, असं मी म्हणत नाही, तसा आरोप करणं चूकच ठरेल. पण याच जिल्ह्यातल्या भामरागडचा माणूस नागपूरहून प्रोसिजर करून परतला आणि काही दिवसांनी घरीच आडवा झाला, तर कारण शोधणार कोण? आणि शोध झालाच नाही, तर 'धोका नाही' हे कशावरून ठरलं?

स्टेंटचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवतात. कॅथेटरचं पाकीट मात्र कचऱ्याच्या बादलीत जातं आणि लॉट क्रमांक त्याच्यासोबत. उपकरणांच्या तक्रारींसाठी मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम देशात २०१५ पासून आहे, पण क्रमांकच नसेल तर तिथे कळवणार काय?

म्हणून नातेवाइकांनो, सुट्टी घेताना कॅथेटर आणि गाइडवायर यांचं नाव व लॉट क्रमांक डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. घरी आल्यावर बोलणं अडखळलं, हात जड झाला किंवा बोट काळं पडू लागलं, तर ते कार्ड घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा.